गाभण मादी की आजारी मासा? शोभिवंत मत्स्यपालनातील निदानाचा पहिला धडा

शेतीला पूरक असा व्यवसाय म्हणून शोभिवंत माशांच्या पैदाशीकडे गेल्या दोन दशकांत मोठ्या अपेक्षेने पाहिले जाऊ लागले आहे. परसातील थोडी जागा, मर्यादित भांडवल, घरच्या माणसांचे श्रम आणि काही महिन्यांत विक्रीस येणारे उत्पादन ही या व्यवसायाची वैशिष्ट्ये होत. तामिळनाडू हे या क्षेत्रातील अग्रेसर राज्यांपैकी एक असून चेन्नईजवळील कोळत्तूर परिसर शोभिवंत माशांच्या पैदाशीसाठी व व्यापारासाठी देशभर ओळखला जातो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्हा भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तेथील शेती कालव्याच्या पाण्यावर अवलंबून असल्याने लहान शेतकरी कुटुंबांना आणि महिलांच्या बचत गटांना वर्षभर चालणाऱ्या जोडधंद्याची गरज भासते. अशा कुटुंबांसाठी सिमेंटच्या दोन-चार टाक्यांत करता येणारे मत्स्यपालन हा एक व्यवहार्य पर्याय ठरतो.

या व्यवसायाची सुरुवात बहुधा गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या माशांपासून केली जाते. हे मासे काटक आहेत, त्यांची पैदास सोपी आहे आणि त्यांना बाजारात कायम मागणी असते. मात्र नवख्या पालकासमोर पहिल्याच महिन्यात एक प्रश्न हमखास उभा राहतो. टाकीतील एखाद्या मादीचे पोट फुगलेले दिसते, ती कोपऱ्यात थांबते, खाद्य नाकारते. ही मादी गाभण आहे की आजारी? या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. गाभण मादीला आजारी समजून औषध दिल्यास किंवा वारंवार हलवल्यास गर्भपात होतो आणि प्रसंगी मादीही दगावते. आजारी मादीला गाभण समजून पिल्लांची वाट पाहत बसल्यास रोग संपूर्ण टाकीत पसरतो. एका टाकीत ४० माद्या असून प्रत्येकीने एका वेतात सरासरी ३० पिल्ले दिली असे धरले, तर एका महिन्याचे उत्पादन १,२०० पिल्लांचे होते. एका चुकीच्या निदानाने पणास लागते ते एवढे उत्पन्न.

पिल्ले कशी होतात?

बहुतेक मासे पाण्यात अंडी घालतात आणि नर त्यांचे फलन शरीराबाहेर करतो. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे पोसिलिडी कुळातील मासे याला अपवाद आहेत. या माशांच्या नरात गुदपर, म्हणजे पोटाखालचा मागील पर, अरुंद होऊन दांडीसारखा बनतो व त्याद्वारे शुक्राणू मादीच्या शरीरात सोडले जातात. मादीचा गुदपर मात्र त्रिकोणी पंख्यासारखाच राहतो. नर व मादी ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची खूण होय. निदानाची पहिली पायरीही हीच आहे. पोट फुगलेला मासा नर असेल, तर गर्भाचा प्रश्नच उद्भवत नाही. तो आजारी आहे किंवा त्याने अति खाल्ले आहे.

फलित अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि पोहण्यास सक्षम अशी पिल्ले बाहेर येतात. गर्भाचे पोषण मुख्यतः अंड्यातील बलकावर होते. गप्पीचा गर्भकाळ साधारणतः २१ ते ३० दिवसांचा असतो. प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांना सुमारे चार आठवडे लागतात, तर मोलीला चार ते आठ आठवडेही लागू शकतात. पाणी थंड असल्यास हा काळ लांबतो, उबदार असल्यास कमी होतो.

मादी शुक्राणू अनेक महिने शरीरात साठवून ठेवू शकते, ही बाबही लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकदा समागम झाल्यावर नर नसतानाही ती एकामागून एक अनेक वेत देते. ‘टाकीत नर नाही, म्हणजे मादी गाभण असणे शक्य नाही’ हा तर्क म्हणूनच चुकीचा ठरतो. बाजारातून आणलेली जवळपास प्रत्येक प्रौढ मादी गाभण असण्याची शक्यता धरूनच चालावे.

गर्भाच्या खुणा

मादीच्या पोटाच्या मागील भागात, गुदद्वाराच्या वर, एक गडद ठिपका दिसतो. गर्भ वाढून पोटाची त्वचा ताणली गेली की आतील काळसर अस्तर अधिक स्पष्ट होते आणि ठिपका मोठा व गडद होत जातो. फिकट रंगाच्या माद्यांमध्ये अखेरच्या दिवसांत पिल्लांचे डोळे बारीक काळ्या टिंबांसारखे दिसू शकतात. परंतु केवळ या ठिपक्यावर विसंबून चालत नाही. पिवळ्या किंवा पांढऱ्या वाणांत तो गुलाबी दिसतो, काळ्या मोलीत तो दिसतच नाही आणि गाभण नसलेल्या प्रौढ मादीतही तो फिकट स्वरूपात असू शकतो. ठिपका आहे की नाही यापेक्षा तो आठवड्यागणिक बदलतो आहे की नाही, हे पाहणे अधिक उपयुक्त असते.

पोटाचा आकार ही दुसरी खूण. गर्भामुळे येणारा फुगवटा पोटाच्या खालच्या व मागच्या भागात असतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढतो. प्रसूती जवळ आली की गोलाई कमी होऊन पोट पुढच्या बाजूस चौकोनी वाटू लागते. या सर्व काळात खवले अंगाला घट्ट चिकटलेले व चकचकीत राहतात, रंग टिकून असतो आणि मादी खाद्यावर तुटून पडते. अखेरच्या एक-दोन दिवसांतच ती खाणे कमी करते, नरांपासून दूर राहते आणि वनस्पतींच्या आडोशाला जाते.

पोट फुगण्याची अन्य कारणे

फुगलेल्या पोटाची सर्वांत गंभीर शक्यता जलोदराची असते. जलोदर हा स्वतंत्र रोग नसून शरीरात पाणी साचल्याचे लक्षण आहे. दूषित पाण्याने माशाची प्रतिकारशक्ती खालावली की एरोमोनास वर्गातील जिवाणूंचा संसर्ग होतो, मूत्रपिंडाचे कार्य बिघडते आणि शरीरातील पाणी बाहेर टाकले जात नाही. अशा माशाचे शरीर सर्व बाजूंनी फुगते, डोळे पुढे येतात, कल्ले फिके पडतात आणि खवले उभे राहतात. वरून पाहिल्यास मासा अननसाच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. हा बदल काही दिवसांतच घडतो. गर्भ कितीही मोठा असला तरी त्यामुळे सर्वांगावरचे खवले असे उभे राहत नाहीत. म्हणून बाजूने पाहून शंका राहिल्यास माशाला वरून पाहावे, हा नियम पाळावा. खवले पूर्णपणे उभे राहिल्यानंतर मासा वाचण्याची शक्यता फारच कमी असते.

दुसरे कारण बद्धकोष्ठाचे. कोरडे खाद्य प्रमाणाबाहेर दिल्यास पोट अचानक टम्म होते आणि विष्ठा लांब दोऱ्यासारखी लोंबते. मोलीला शेवाळासारख्या वनस्पतिजन्य आहाराची गरज असल्याने तिच्यात हा त्रास अधिक आढळतो. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवल्यास हा फुगवटा उतरतो. गर्भाचा फुगवटा उपवासाने उतरत नाही. उपवासानंतर उकडून साल काढलेला मटार किंवा पाणपिसू दिल्यास पोट साफ होण्यास मदत होते.

तिसरे कारण कृमींचे. पिल्ले देणाऱ्या माशांत कॅमॅलेनस हा आतड्यातील गोल कृमी विशेष आढळतो. मासा स्थिर असताना त्याच्या गुदद्वारातून तांबडे बारीक धागे बाहेर आलेले दिसतात. पोट फुगते, पण पाठ व शेपटीकडचा भाग मात्र रोडावत जातो. या कृमीचा संसर्ग टाकीतील एका माशाकडून दुसऱ्याकडे जात असल्याने एका माशात लक्षण दिसताच संपूर्ण टाकीची तपासणी आवश्यक ठरते.

चौथे कारण गाठीचे. गाठीमुळे येणारा फुगवटा बहुधा एकाच बाजूला असतो. प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांच्या काही संकरांत काळ्या रंगपेशींचा कर्करोग अनुवंशिकतेने होतो. १९२० च्या दशकापासून शास्त्रज्ञ या माशांचा उपयोग कर्करोगाच्या अभ्यासासाठी करीत आले आहेत. अशा माशांपासून पुढील पैदास घेऊ नये.

याउलट काही रोगांत पोट खपाटीला जाते. माशांच्या क्षयरोगात मासा खात असूनही खंगतो व कधी कधी त्याचा कणा वाकतो. या रोगाचे जिवाणू हातावरील जखमेतून माणसाच्या त्वचेलाही बाधा करू शकतात. हातावर जखम असताना टाकीत हात घालू नये आणि शक्यतो रबरी हातमोजे वापरावेत.

फसवी लक्षणे

खरी अडचण येते ती प्रसूतीच्या आदल्या दिवसांत. कोपऱ्यात थांबणे, खाद्य नाकारणे, जोराने श्वास घेणे आणि तळाशी विसावणे ही लक्षणे प्रसूत होणाऱ्या मादीत दिसतात, तशीच ती आजारी माशातही दिसतात. अशा वेळी पर पाहावेत. प्रसूतीजवळची मादी पर मोकळे ठेवते. आजारी मासा ते अंगाशी आवळून घेतो. पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेणारे मासे एकापेक्षा अधिक असतील, तर दोष माशात नसून पाण्यात आहे असे समजावे. मोली जागच्या जागी डोलत राहिली, तर पाणी थंड झाले आहे किंवा त्यातील क्षार कमी पडले आहेत, ही शक्यता आधी तपासावी.

कोणतेही एक लक्षण स्वतःहून निर्णायक नसते. गर्भ मात्र काळाच्या हिशेबाने चालतो. तो हळूहळू वाढतो, ठराविक दिवसांनी पूर्ण होतो आणि प्रसूतीनंतर पोट उतरते. आजाराला असा हिशेब नसतो. मोलीच्या कमाल मुदतीनंतरही न उतरलेले पोट, किंवा दोन-तीन दिवसांत एकदम वाढलेले पोट, गर्भाचे नसण्याचीच शक्यता अधिक असते.

नोंदवहीचे महत्त्व

हा हिशेब ठेवण्यासाठी साधी वही पुरेशी असते. प्रत्येक टाकीसाठी एक पान राखून त्यावर मादी आणल्याची तारीख, मागील वेताची तारीख, पिल्लांची संख्या, ठिपक्याचा रंग, पोटाचा आकार, खाद्य घेतले की नाही, पाण्याचे तापमान आणि पाणी बदलल्याची तारीख एवढे लिहावे. दर आठवड्याला एकाच दिवशी, खाद्य देण्यापूर्वी, मादीचे बाजूने आणि वरून निरीक्षण करावे. दोन-तीन वेतांच्या नोंदी हाती आल्या की त्या टाकीतील माद्यांचा नेमका गर्भकाळ कळतो आणि पुढील प्रसूतीचा अंदाज दोन-चार दिवसांच्या फरकाने बांधता येतो. मासा तज्ज्ञाकडे नेण्याची वेळ आल्यास हीच वही निदानाला आधार देते.

निदानापूर्वी नोंद ही पद्धत तंजावरला नवी नाही. तेथील भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल या नावाने वैद्यकीय संस्था चालवली होती. नेत्ररुग्णांच्या स्थितीच्या त्या काळातील नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. रुग्ण पाहावा, दिसले ते लिहून ठेवावे आणि मग उपचार ठरवावा, हा त्यामागील क्रम परसातील मत्स्यटाकीलाही तितकाच लागू पडतो.

शंका आल्यास करावयाची कार्यवाही

शंका आल्यावर प्रथम औषधाची बाटली न उघडता पाण्याची तपासणी करावी. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि सामू ७ ते ८ च्या दरम्यान असणे या माशांना मानवते. अमोनियाचे प्रमाण शून्याच्या जवळ हवे. खाद्याचे उरलेले कण आणि विष्ठा काढून एक चतुर्थांश पाणी बदलावे. अनेकदा एवढ्यानेच मासे सावरतात.

त्यानंतर संशयित मादीला त्याच टाकीतील पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात किंवा लहान टाकीत ठेवावे. तेथे हवा पुरवणारा पंप आणि आडोशासाठी वनस्पती असावी. ही मादी गाभण असेल, तर पिल्ले सुरक्षित राहतात. कारण हे मासे स्वतःची पिल्लेही खातात. ती आजारी असेल, तर उरलेली टाकी वाचते. म्हणजे निदान निश्चित नसतानाही हा उपाय दोन्ही शक्यतांत हिताचा ठरतो. मात्र मादीला जाळीने वारंवार उचलू नये. पाण्यासकट वाटीत घेऊन एकदाच हलवावे.

एक दिवस उपवास, मग निरीक्षण, असा क्रम पुढे ठेवावा. खवले उभे दिसले, तांबडे धागे दिसले किंवा अंगावर पांढरे ठिपके, व्रण अथवा कापसासारखी बुरशी दिसली, तर मादी वेगळीच ठेवून मत्स्यतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. त्या मादीसाठी वापरलेली जाळी व भांडी अन्य टाक्यांत वापरू नयेत. मेलेला मासा तत्काळ काढून जमिनीत खोल पुरावा.

पाणी व ऋतुमान

तंजावरच्या पालकाला पाण्याचे वेळापत्रक ध्यानात ठेवावे लागते. मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जूनला सोडले जाते आणि २८ जानेवारीला बंद केले जाते. कालव्याच्या पाण्यातून शेतातील कीटकनाशकांचे अंश, जंगली मासे आणि परजीवी टाकीत येण्याचा धोका असल्याने विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरणे अधिक सुरक्षित असते. भूजलातील क्षार मोली व गप्पीला मानवतात. परंतु कूपनलिकेच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते एक दिवस उघडे ठेवून व हवा देऊनच टाकीत घालावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही याच रीतीने कमी होतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसात उघड्या टाक्यांत पावसाचे पाणी भरते. तापमान व क्षार एकदम उतरतात आणि रोगांचा प्रादुर्भाव वाढतो. याच दिवसांत गर्भकाळही लांबत असल्याने निदानातील गोंधळ सर्वाधिक होतो. पावसाळ्यापूर्वी टाक्यांवर आच्छादन करणे हा यावरील स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. उन्हाळ्यात सावलीची जाळी हेच काम करते. कोकणात किंवा विदर्भात महिने बदलतील. नियम तोच राहील.

औषधे आणि पर्यावरण

प्रतिजैविके सल्ल्याशिवाय वापरण्याची सवय या व्यवसायात घातक ठरते. त्यामुळे औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात, टाकीतील उपयुक्त जिवाणू मरतात आणि अमोनिया वाढून निरोगी मासेही आजारी पडतात. औषध मिसळलेले पाणी कालव्यात किंवा तलावात सोडणे तर सर्वस्वी अयोग्य आहे.

नको असलेले किंवा आजारी मासे जवळच्या जलाशयात सोडण्याची प्रथाही थांबली पाहिजे. गप्पी आणि गॅम्बुझिया हे मूळचे अमेरिका खंडातील मासे. डासअळ्यांच्या नियंत्रणासाठी गप्पी १९०८ मध्ये, तर गॅम्बुझिया १९२८ मध्ये भारतात आणण्यात आला. हिवतापविरोधी मोहिमेत त्यांचा उपयोग झाला. परंतु मोकळ्या जलाशयांत ते स्थानिक माशांची अंडी व पिल्ले खाऊन जैवविविधतेला बाधा आणतात, असेही पुढे दिसून आले. गॅम्बुझियाचा समावेश जगातील सर्वाधिक उपद्रवी १०० आगंतुक प्रजातींच्या यादीत झालेला आहे. एक गाभण मादी साठवलेल्या शुक्राणूंच्या बळावर एकटीच नवी वसाहत उभी करू शकते. तिला कालव्यात सोडणे म्हणजे संपूर्ण टाकी कालव्यात सोडण्यासारखेच आहे.

प्रशिक्षणाची गरज

केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकाचा खर्च ३ लाख रुपये धरण्यात आला. त्यावर सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. टाक्या, पंप आणि मासे यांची सोय अशा साहाय्यातून होते. परंतु पहिल्या वर्षी व्यवसाय तगतो की नाही, हे बव्हंशी पालकाच्या निरीक्षणशक्तीवर ठरते आणि ती प्रशिक्षणातूनच येते.

या दृष्टीने संस्थात्मक आधार उपलब्ध आहे. नागपट्टिनम येथे मुख्यालय असलेल्या तामिळनाडू मत्स्य विद्यापीठाचे शाश्वत मत्स्यसंवर्धन केंद्र तंजावरजवळ सूरक्कोट्टै येथे आहे. महाराष्ट्रातील पालकांना मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालये आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे मार्गदर्शनासाठी जाता येते. अशा प्रशिक्षणात टाकीबांधणी व खाद्य यांच्या जोडीने रोगनिदानाला पुरेसा वेळ दिला जावा. गाभण व आजारी अशा दोन्ही माद्या प्रत्यक्ष दाखवून प्रशिक्षणार्थींकडून ओळखून घेतल्यास हा फरक व्याख्यानापेक्षा लवकर मनावर ठसेल. बचत गटांना नोंदवहीचा छापील नमुना मातृभाषेत पुरवणेही अल्प खर्चात शक्य आहे.

माशाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते त्याच्या खवल्यांत, परांत आणि वागण्यात दिसते व तारखांच्या नोंदीतून उलगडते. नर की मादी, फुगवटा हळूहळू की अचानक, खवले सपाट की उभे आणि मुदत संपली की नाही, हे चार प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर परसातील टाकीचे बरेचसे नुकसान औषधावर एक रुपयाही खर्च न करता टळू शकेल.